एंगेज कुठला, गर्दी कुठली?

मंडळी, फोन 'एंगेज' लागतो म्हणजे काय, हे आपल्या पिढीला कुणी शिकवलं नाही. कानानंच शिकलो. पण त्या टूं-टूं आवाजालाही व्याकरण होतं, आणि व्याकरण दिसलं की मास्तराला राहवत नाही!

आपल्या देशातल्या एक्स्चेंजसाठी ठरलेला मूळ सूर एकच, सेकंदाला ४०० कंपनांचा. फरक मात्रांचा. पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता, म्हणजे समोरचा फोन गुंतलेला. तोच आवाज पाव-पाव सेकंदाचा झाला, तर मधल्या लाइनीच भरलेल्या. कॉल त्या घरापर्यंत पोचलेलाच नाही. आपण दोन्हींना 'एंगेज'च म्हणायचो.

हा फरक किती मोठा, ते किल्लारीच्या भूकंपाचा विचार केला की कळतं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. हजारो माणसं गेली. अशा वेळी जो तो नातेवाइकांचा नंबर फिरवतो. संथ सूर आला, तर तिकडे कुणीतरी बोलत असावं, निदान एवढी आशा. भरभर सूर आला, तर काहीच कळलेलं नाही. 'एंगेज आहे' एवढ्यावर धीर धरणाऱ्यानं नेमका कुठला आवाज ऐकला असेल?

ट्रंक कॉलच्या काळी हे ऑपरेटर सांगायची, "लातूरची लाइन मिळत नाही" किंवा "पार्टी बोलतेय". मग एसटीडी आली (देशात पहिली १९६० साली, कानपूर-लखनौ). सांगणारं माणूस मधून गेलं, सूर तेवढे राहिले.

पुढे १९९० च्या दशकात आपल्याकडे आयएसडीएन आलं. त्याच्या साध्या जोडणीत ६४ किलोबिटच्या दोन वाटा बोलण्यासाठी, आणि १६ किलोबिटची तिसरी मुख्यतः निरोपांसाठी. कॉल जोडणं, तोडणं, सगळं त्या तिसऱ्या वाटेनं. कॉल लागला नाही तर कारणाचा आकडा यायचा. १७ म्हणजे समोरचा गुंतलेला, ३४ म्हणजे लाइन मोकळी नाही. ऑपरेटर जणू आकड्यांच्या रूपानं परत आली!

पण कॉल पुढे जुन्या एक्स्चेंजमध्ये शिरला, की कारणाचा आकडा येईलच असं नसे. यायचा तो सूरच, आणि तोही बोलण्याच्या वाटेनं. म्हणून कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या आयएसडीएन कार्डालाही कान द्यावे लागले. ४०० कंपनं ओळखायची, आवाज किती वेळ, शांतता किती वेळ ते मोजायचं, मग ठरवायचं, फोन ठेवावा की पुन्हा लावावा.

आपण वर्षानुवर्षं एकाच शब्दात गुंडाळलेला फरक यंत्राला मोजून घ्यावा लागला. निरोप पोचला नाही, एवढं कळून भागत नाही. कुठे अडला तेही कळावं लागतं.

असो. तुमच्या घरी या दोन आवाजांना वेगळी नावं होती का? असतील तर जरूर कळवा.