गलबताचा साज

कोरेगांव समुद्रापासून दूर. सरळ रेषेनें मोजलें तरी साठ-सत्तर मैलांचें अंतर, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. येथील माणसाच्या नित्य परिचयाचें पाणी म्हणजे तिळगंगा, वसना आणि फार तर कृष्णा. असें असूनहि मराठ्यांच्या आरमाराचा विषय ह्या तालुक्यास अगदींच परका नाहीं. कोरेगांव तालुक्यांतील किन्हई हें प्रतिनिधींच्या घराण्याचें गांव. तेथील कुळकर्णी परशुराम त्र्यंबक हे राजाराम महाराज जिंजीस असतां रामचंद्रपंत अमात्यांच्या जोडीनें महाराष्ट्रांत राज्य संभाळीत राहिले, आणि त्यांचे पुत्र श्रीपतराव प्रतिनिधि १७३३ सालीं सिद्दीवरील मोहिमेंत कोंकणांत उतरले. सातारच्या गादीचे निर्णय डोंगरावर होत. परंतु त्यांतील कांहींचा हिशेब समुद्रावर चुकता करावा लागे.

त्या हिशेबांतील एक कलम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतें. लढाऊ नाव बांधावयाची, तर ती केवढी असावी? तिच्यावर साज किती चढवावा? एकाच घडणीच्या सांगाड्यावर हलकी बांधणी करावी, कीं भारी करावी? हा प्रश्न सुताराचा आहे असें कोणी म्हणेल. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील राज्य राहतें कीं जातें, हें पुष्कळ वेळां ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरलें आहे.

प्रथम मराठ्यांच्या आरमारांतील दोन मुख्य जाती ध्यानांत घ्याव्या. पहिली गुराब. ही बहुधा दोन डोलकाठ्यांची, क्वचित् तीन डोलकाठ्यांची असे. दोन काठ्यांची गुराब सुमारें दीडशें टनांची, तर तीन काठ्यांची तीनशें टनांपर्यंतची. लांबीच्या मानानें ती रुंद असे, त्यामुळें थोड्या पाण्यांतहि तरंगे. मध्यापासून पुढें ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ चोंचीसारखी पुढें आलेली असे. त्या चोंचीवरून नेम साधतील अशा नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर तोंड करून बसवीत. दोन्ही बाजूंस त्याहून लहान तोफा असत.

दुसरी जात गलबताची. त्याची घडण गुराबेसारखीच, परंतु आकार लहान. सत्तर टनांपलीकडे तें क्वचितच जाई. त्यास दोन काठ्या असत. मागची नाजूक आणि पुढच्या मोठ्या काठीवर एकच भलें मोठें त्रिकोणी शीड. गलबताचा खरा जीव मात्र त्याच्या वल्ह्यांत होता. चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं एका तालावर पडूं लागलीं, कीं वारा अजिबात नसतांनाहि तें ताशीं चार मैल चाले.

आतां साजाची गोष्ट. ह्या गलबतांत दोन प्रती होत्या. साध्या प्रतीवर वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची करीत. हेतु एवढाच, कीं भार कमी व्हावा. अशा गलबतावर जड तोफ चालत नसे. कठड्यावर खुंटीभोंवतीं फिरणाऱ्या लहान तोफा तेवढ्या बसवीत. मोठ्या प्रतीवर लांकडी फळ्यांची कायम तक्तपोशी असे आणि तिच्यावर दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा असत. एका प्रतीनें वेग मिळे, दुसरीनें मारा मिळे. दोन्ही गोष्टी एकाच नावेंत पुरेपूर भरतां येत नाहींत. जी तोफ चढविली तिचें वजन वल्हेकऱ्याच्या दंडावर पडतें, आणि जें वजन उतरविलें त्याची उणीव लढाईच्या वेळीं भासते.

मग मराठे दर्यासारंगांनीं काय निवडलें? त्यांनीं एक प्रत निवडून दुसरी टाकिली नाहीं. कामें वांटून दिलीं. वारा पडला, कीं गलबतांनीं गुराबांस दोर बांधून ओढीत शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस आणावें, कारण तेथें त्याच्या तोफा थोड्या. गुराबांनीं नाळेवरील तोफांनीं त्याच्या डोलकाठ्या व शिडें फोडावीं. जहाज पांगळें झालें, म्हणजे माणसांनीं भरलेल्या गलबतांनीं चोहोंकडून त्यास भिडावें आणि तरवार घेऊन वर चढावें. आंग्र्यांच्या आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें मिळून असा हल्ला करीत. ज्या बांबूच्या तक्तपोशीस परकी कप्तान हंसला असेल, तीच त्याच्या जहाजाजवळ सर्वांच्या आधीं पोंचत असे.

ह्या निवडीची कसोटी कान्होजी आंग्र्यांच्या उदयापूर्वींच लागून गेली होती. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवछत्रपतींच्या आज्ञेनें मायनाक भंडारी ह्यांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली. इंग्रजांनीं बेटाची नाकेबंदी केली. त्यांचीं जहाजें उंच व तोफांनीं सज्ज. उघड्या समुद्रांत त्यांच्याशीं समोरासमोर गांठ घालणें मराठ्यांस जड जाई. १८ आक्टोबरच्या लढाईंत दौलतखानाच्या आरमारानें इंग्रजांची ‘डोव्ह’ ही गुराब पकडली खरी. परंतु ‘रिव्हेंज’ ह्या मोठ्या जहाजापुढें त्यास माघारहि घ्यावी लागली. तथापि खांदेरीचा निकाल त्या एका लढाईनें लागला नाहीं. रात्रीच्या अंधारांत, वारा नसतां, उथळ पाण्यांतून लहान होड्या धान्य, दगड व माणसें बेटावर पोंचवीत राहिल्या, आणि मोठीं जहाजें वाऱ्याची वाट पाहत उभीं राहिलीं. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाद सोडला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

हा अनुभव पुढें राजनीतीच्या ग्रंथांत उतरला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचें. त्यांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्यांचा उपदेश असा, कीं गुराबा फार थोर नसाव्या, फार लहानहि नसाव्या. मध्यम मापाच्या असाव्या. गलबतेंहि त्याच विचारानें करावीं. वाऱ्यावांचून जीं हालतच नाहींत, अशीं अवजड जहाजें बांधण्याचें कारण नाहीं. एका सुभ्याखालीं पांच गुराबा व पंधरा गलबतें असें प्रमाण त्यांनीं घालून दिलें. म्हणजे एका भारी नावेमागें तीन हलक्या. डोंगरी किल्ल्यांवर आयुष्य घालविलेल्या मुत्सद्द्यानें समुद्राचें मर्म इतकें नेमकें जाणावें, ह्याचें नवल वाटतें.

अमात्य एवढ्यावर थांबत नाहींत. नाव बांधली म्हणजे खर्च संपला असें नव्हे. खरा खर्च तेथून सुरू होतो, हें ते विसरत नाहींत. आरमाराचा खर्च मुलुखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, बंदरांतील जकातीच्या मिळकतीवर सोडूं नये. नाहींतर सावकारांस उपद्रव होऊन बंदरें बुडतात, असें त्यांचें सांगणें. पावसाळ्यापूर्वीं नावा सुरक्षित बंदरांत आणाव्या. लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्या-फणसास हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. नावेचा साज ठरवितांना तिचें पोट कोण भरणार आणि तिच्यासाठीं कोणाचें अंगण ओसाड होणार, हाहि विचार त्यांत आला.

हा विचार मागें पडला म्हणजे काय होतें, तें किन्हईच्या घराण्यासच पाहावें लागलें. १७३३ च्या मे महिन्यांत बाजीराव पेशवे जंजिऱ्यावर चालून गेले. जूनमध्यें श्रीपतराव प्रतिनिधींनीं सिद्दीच्या ताब्यांतील रायगड परत मिळविला. तें यश लहान नव्हतें. छत्रपतींची राजधानी १६८९ नंतर प्रथमच स्वराज्यांत आली. परंतु जंजिरा समुद्रांत होता. पावसाळा तोंडावर आलेला. त्या दिवसांत लहान गलबतें बाहेर काढण्यासारखी स्थिति नसते. पेशवे व प्रतिनिधि ह्यांचें सूत जमेना. ऑगस्ट अखेरीस सेखोजी आंग्रे वारले. मुंबईकर इंग्रज सिद्दीचे पाठीराखे झाले. घोडदळ किनाऱ्यावर उभें राहिलें आणि डिसेंबरांत पेशव्यांनीं तह करून मोर्चे उठविले. मोहीम ऋतु पाहून आखली नाहीं, तर उत्तम नावहि कामास येत नाहीं.

भारी साजाचा मोह इंग्रजांसहि सुटला नव्हता. मुंबईचा गव्हर्नर बून ह्यानें जाड भिंतींची, सपाट बुडाची एक तरंगती तोफगाडीच बांधविली. १७२० सालीं ती विजयदुर्गावर नेली, आणि कांहीं न साधतां ती मोहीम परतली.

शेवटीं १७५६ चा फेब्रुवारी. तुळाजी आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गाच्या आश्रयास दाटीवाटीनें बांधून ठेविलेलें होतें. वाटसनच्या जहाजांवरून आलेल्या गोळ्यानें एका नावेस आग लागली, ती दुसरीस लागली, आणि पाहतां पाहतां सर्व आरमार जळून गेलें. ज्या गलबतांचा सारा गुण चपळतेंत, तीं जागच्या जागीं खिळलीं होतीं. ह्या स्वारींत पेशवे इंग्रजांचे मित्र होते, ही त्यांतील अधिक दुःखाची गोष्ट. नाव निवडण्यांत मराठे चुकले नव्हते; नाव कोणासाठीं राखावयाची, ह्याविषयीं त्यांचें एकमत राहिलें नाहीं.

आजहि हा प्रश्न नव्या वेषांत पुढें येतो. पाश्चात्य देशांत मोटारबोटीच्या मागें उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन तरंगण्याचा खेळ निघाला आहे. त्यास वेक सर्फिंग म्हणतात. त्यासाठीं विकावयाच्या बोटी एकाच सांगाड्यावर साध्या व उंची अशा प्रतींत मिळतात. येथें मात्र गणित उलटें. गलबत हलकें हवें होतें; ह्या बोटीच्या पोटांत पाण्याच्या टाक्या भरून ती मुद्दाम जड करितात, कारण पिछाडी जितकी खोल बसेल तितकी लाट मोठी उठते. पंखा बुडाखालीं आंत असावा लागतो, म्हणजे मागच्या खेळाडूस इजा होत नाहीं. हीं दोन अंगें कामाचीं; मऊ गाद्या आणि चकचकीत पडदे हा नुसता साज. उलट शिवसागर जलाशयांत बामणोली-तापोळ्याकडे उतारू नेणाऱ्या लाँचेस मोठी लाट म्हणजे दोषच. तिला स्थैर्य हवें.

म्हणून निवडीचा नियम जुनाच राहतो. पाणी कोणतें, काम कोणतें, वल्हें कोण मारणार आणि वर्षभर खर्च कोण सोसणार, हें आधीं विचारावें. रंग व साज मागाहून पाहावा. अमात्यांनीं मध्यम माप सांगितलें, तें काटकसरीसाठीं नव्हे. ज्या नावेंत आपलें बळ पुरेपूर वापरतां येतें, तीच त्यांच्या मतें योग्य मापाची नाव होती.