यंत्राला हळदकुंकू

'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाच्या विश्वात मंगळावर एक पंथ आहे, अ‍ॅडेप्टस मेकॅनिकस. या पंथाचे पुजारी यंत्रं दुरुस्त करतात, पण त्याआधी धूप जाळतात, पवित्र तेल लावतात, मंत्र म्हणतात. प्रत्येक यंत्रात एक आत्मा असतो आणि तो रुसला की यंत्र बंद पडतं, अशी त्यांची श्रद्धा. नवीन काही शोधून काढणं म्हणजे पाप. यंत्र कसं चालतं याचं मूळ ज्ञान बरंचसं हरवलंय, उरलेत ते विधी. १९८७ साली इंग्लंडमध्ये टेबलावर खेळायचा खेळ म्हणून हे सुरू झालं, पुढे त्यावर व्हिडिओ गेम निघाले. मी याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली सातपूरची एमआयडीसी आठवली.

खंडेनवमीला सातपूर-अंबडच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. लेथ धुऊनपुसून चकचकीत केलेलं असतं आणि त्याला झेंडूची माळ घातलेली असते. टेबलावर कापड अंथरून व्हर्निअर, पाने, ड्रिलचे बिट मांडलेले असतात. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती, पेढे. सीएनसी मशीनच्या काचेवरही कुंकवाचं बोट. बाहेरच्या माणसाला हे सगळं मंगळावरच्या पुजाऱ्यांसारखंच वाटेल. ८ ऑक्टोबर २०१९ला, दसऱ्याच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये भारताला मिळालेल्या पहिल्या राफेलवर ॐ काढला. विमानाच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. त्या संध्याकाळी अर्धं इंटरनेट हसत होतं आणि उरलेलं अर्धं हसणाऱ्यांवर भडकलं होतं. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी न तपासता धरली होती: यंत्राची पूजा करायची म्हणजे त्या यंत्रात 'काहीतरी आहे' असं मानायचं.

हा समज निदान आगगाडीइतका जुना आहे.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी झाली. इंजिनाला माणसासारखी, तीही रुबाबदार नावं देण्याची हौस साहेबांची होती, हे जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे इंग्रजी आठवणींत आणि लोकप्रिय इतिहासांत एक दृश्य हमखास येऊ लागलं. भाबडे 'नेटिव्ह' जमलेत, धूर ओकणाऱ्या राक्षसापुढे हात जोडताहेत, त्याला कुंकू लावताहेत. आता असं घडलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. नक्की घडलं असेल. भीतीही होती. पुलाच्या पायात नरबळी देतात ही अफवा तर हिंदुस्थानभर फिरली.

पण त्याच काळातली दुसरी बाजू बघा. ही रेल्वे मुंबईत यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेदजी जीजीभॉय होते. म्हणजे राक्षसाला आमंत्रण देणाऱ्यांत नेटिव्हही होते. आणि गाडी सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्गाचे डबे भरले ते याच 'भाबड्या' लोकांनी. तिकीट काढून, गाठोडी घेऊन, डब्यात भांडणं करत. राक्षसाच्या पोटात बसून कुणी सासुरवाडीला जात नाही. १ जानेवारी १८६५ला थळ घाटातला मार्ग खुला झाला आणि गाडी कसाऱ्याहून वर इगतपुरीला आली. तिथला चढ सदतिसास एक आहे: सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात, आणि नाशिक-मुंबई ये-जा करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. ती जोडली जाईपर्यंत लोक वडापाव खातात. मंत्र म्हणत नाहीत.

त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत खरोखरच 'विचार करणाऱ्या यंत्रा'ची गोष्ट संपत होती. वोल्फगांग फॉन केम्पेलन याने १७७०मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात एक बुद्धिबळ खेळणारा पुतळा आणला. पगडीवाला तुर्क, पुढे पेटी, पेटीत दातेरी चाकं. हा तुर्क भल्याभल्यांना हरवत गावोगाव फिरला. १८०९मध्ये नेपोलियनही त्याच्यासमोर बसला आणि हरला. यंत्राला बुद्धी असते का, यावर लोकांनी पुस्तिका लिहिल्या, वाद घातले. प्रत्यक्षात पेटीत एक माणूस दडलेला असायचा. खेळाआधी दारं एकामागून एक उघडून दाखवायचे, पण अशा बेताने की आतला माणूस सरकून लपावा. १८५४मध्ये फिलाडेल्फियातल्या आगीत तुर्क जळाला. आपली गाडी धावू लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे यंत्रात जीव शोधण्याचा भाबडेपणा काही एकट्या नेटिव्हांचा नव्हता. विद्वानांनाही तो झेपला, फक्त पेटी नीट बंद असायला हवी होती.

आता नाशिकचं उदाहरण घेऊ. पेटी उघडून दाखवणाऱ्याचं.

धुंडिराज गोविंद फाळके १८७०मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१२मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. तेव्हाची कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कडेची ती भोकं अंधारात बसून पाडण्याचं काम सरस्वतीबाई करायच्या, आणि वर सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पैसे देणाऱ्यांना पटवण्यासाठी फाळक्यांनी आधी एक वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित केलं. रोज थोडं थोडं, महिनाभराहून जास्त दिवस, आणि पडद्यावर मिनिटाच्या आसपास! ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर ते नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे घडले. १९१८मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही नाशिकातच निघाली.

१९१७च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत. हा प्रसंग सिनेमाच्या इतिहासात इतक्यांदा सांगितलाय की तो आता भाबड्या नेटिव्हांचाच पुढचा अंक वाटतो. मला तो वेगळा दिसतो. लोकांनी हात जोडले ते रामाला. प्रोजेक्टरकडे कुणी वळून नमस्कार केला नाही. हा राम म्हणजे साळुंके, आधी मुंबईत हॉटेलात काम करणारे, आणि याच चित्रपटात सीताही तेच. भिंतीवरच्या रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला हात जोडणाऱ्या माणसाला कागद आणि देव यांतला फरक कळत नाही, असं आपण म्हणत नाही. मग पडद्याबाबत का म्हणावं?

आणि याच काळात फाळक्यांनी आणखी एक छोटी फिल्म केली: सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी. तिच्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. आपण भारावून गेलो असताना मशीनचं झाकण काढून 'हे असं चालतं' सांगणारा हा माणूस जादूचे प्रयोगही करायचा, हे विशेष. चमत्कार दाखवायचा आणि त्याची कृतीही सांगायची. केम्पेलनने ते कधी केलं नसतं, त्याचा धंदाच बसला असता.

सातपूरच्या लेथकडे परत येतो. त्या पूजेतली कामं बघितली तर निम्मी देखभालीची आहेत. धूळ झाडणं, जुनं ग्रीस पुसणं, गंजलेलं हत्यार वेगळं काढणं, मशीन थोडा वेळ बंद ठेवणं. कुंकू लावणारा हात वर्षभर तोच गिअरबॉक्स उघडत असतो. बेअरिंग गेलं तर तो नारळ फोडत नाही, बेअरिंग बदलतो. मंगळावरच्या पुजाऱ्याकडे नेमकं हेच नाही. त्याच्याकडे विधी आहे, पान्याचं ज्ञान गेलंय. दोघांच्या हातात उदबत्ती सारखीच दिसते, म्हणून आपली फसगत होते.

फसगत उलट्या दिशेनेही होते. अनेक देवळांत आता मोटरवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र असतं. बटण दाबलं की आरतीचा गजर सुरू. २०१७च्या गणेशोत्सवात पुण्यात एका कंपनीने रोबोटिक हाताकडून गणपतीची आरती ओवाळून घेतली. इथे यंत्रच भक्त झालं. हसू येतं, पण मला त्यात धोका दिसत नाही. त्या हाताचा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिलाय आणि ताम्हन तिरकं झालं तर कुठली ओळ बदलायची हे त्याला ठाऊक आहे.

माझ्या पिढीच्या इंजिनिअरची गोष्ट मात्र बदलली आहे. २०१७मध्येच बातमी आली की गूगल आणि उबरमध्ये काम केलेल्या अँथनी लेव्हांडोव्स्की या अमेरिकन इंजिनिअरने 'वे ऑफ द फ्यूचर' नावाचा धर्म नोंदवलाय. कृत्रिम बुद्धिमत्तेतून घडणाऱ्या देवाच्या उपासनेसाठी. काही वर्षांत तो त्याने बंदही केला. खेड्यातला भाबडा नेटिव्ह नव्हे, स्वयंचलित गाड्या बनवणारा इंजिनिअर! त्याची टिंगल करणं सोपं आहे. पण रोजच्या कामात मीही मॉडेलला प्रश्न टाकतो, उत्तर चुकलं तर शब्द थोडे फिरवून पुन्हा टाकतो. 'नीट विचार करून सांग' असं लिहिलं की उत्तर सुधारतं, म्हणून ते वाक्य टीममध्ये सगळे चिकटवतात. का सुधारतं, हे आमच्यापैकी कुणी उघडून पाहू शकत नाही. आत अब्जावधी आकडे आहेत, आणि अमुक उत्तर नेमकं का आलं हे बनवणाऱ्यांनाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. मंत्र आणि पवित्र तेल यांच्या इतक्या जवळ फिटर कधीच गेला नव्हता, आम्ही गेलोय.

गेल्या दसऱ्याला ऑफिसात पाटीपूजन झालं. कुणीतरी शाळेतल्यासारखी एक-एक आकड्यांची सरस्वती काढली, पाटीऐवजी व्हाइटबोर्डवर. लॅपटॉपना झेंडू वाहिले. मग एका ज्युनिअर मुलीने विचारलं, वर्षभर सगळं काम त्या मॉडेलने केलं, मग त्याला कुंकू कुठे लावायचं? सर्व्हर कुठल्या देशात आहे हेही कुणाला नक्की सांगता येईना. थोडी चर्चा झाली. शेवटी तिने खुर्चीवर चढून वाय-फायच्या राउटरला बोट टेकवलं, आणि आम्ही पेढे वाटायला घेतले.