नेमणाऱ्याविरुद्ध निकाल

'सत्ताविभाजन' हा शब्द आपण नागरिकशास्त्रात पाठ केला. त्याचा अर्थ मला अमेरिकेच्या इतिहासातल्या एका निकालातून उमगला.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी कायदे करणे काँग्रेसकडे, अंमलबजावणी राष्ट्राध्यक्षांकडे आणि न्यायदान न्यायालयांकडे सोपवले. राज्यकर्ते देवमाणसे नसतात, हे जेम्स मॅडिसन यांनी धरूनच ठेवले होते. म्हणून एका सत्तेला दुसरीने आवरायचे. राष्ट्राध्यक्ष कायदा नाकारू शकतात. दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांनी तो नकारही रद्द होतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट संमती देते. पण एकदा नेमलेल्या न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष काढू शकत नाहीत.

१९७४ मध्ये याची कसोटी लागली. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला तयार नव्हते. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्या देण्याचा आदेश दिला. त्या आठांपैकी तिघे, सरन्यायाधीश बर्गर धरून, निक्सन यांनीच नेमलेले होते. सैन्य निक्सन यांच्या हुकमतीत होते, न्यायालयाच्या हाती फक्त कागद. तरी फिती द्याव्या लागल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

सॉफ्टवेअर लिहिताना वापरणारा चुकणारच, हे आम्ही गृहीत धरतो. मॅडिसन यांनीही तेच केले. फरक एवढाच, की राज्यघटना आपोआप चालत नाही. खुर्चीवरचा माणूस नेमणाऱ्याचे उपकार बाजूला ठेवून आपले काम करतो, तेव्हाच ती चालते.