तीन पत्रे आणि एक पुराण

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या आपल्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुतेक कुटुंबे मूळची इथली नव्हेत. कुणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरी लागली म्हणून आले, कुणी रासायनिक कारखान्यांत, तर कुणी मुंबईत जागा परवडेना म्हणून गाडीने पुढे पुढे सरकत बदलापूरपर्यंत पोहोचले. कुणाचे मूळ गाव वसईकडे, कुणाचे नगर-जालन्याकडे, कुणाचे गोव्यात वा मंगळूरला. गाव सुटले, पण अनेक वर्षे गावाकडून पत्रे येत राहिली. आंतरदेशीय पत्राच्या निळ्या घडीत आजारपण, पाऊसपाणी, लग्न, बाप्तिस्मा, सणाची मिस्सा असे सारे काही दाटीवाटीने लिहिलेले असे. ती पत्रे काही काळ लोखंडी पेटीच्या तळाशी राहिली आणि घर बदलताना रद्दीत गेली. जुन्या कागदांत जपून ठेवण्याजोगे काय असते, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका कवीच्या पत्रांकडे वळावेसे वाटते. हा कवी म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. परंतु हा मनुष्य दिवसभर काय पाहत होता, कशाने दुःखी होत होता, वरिष्ठांकडे कोणती मागणी करीत होता, हे त्यांच्या पुराणातून फारसे उमगत नाही. ते उमगते त्यांच्या पत्रांतून. त्यांपैकी तीन पत्रांचा परिचय येथे करून देत आहोत.

वडिलांस

स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या त्या राजवटीत कॅथोलिक श्रद्धा जपणे हा गुन्ह्यासारखाच प्रकार होता. थॉमस पाउंड नावाच्या श्रद्धावान मित्रासोबत, त्याचा नोकर असल्याची बतावणी करून, ते देशात हिंडले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचे ठरविले होते. पण मित्र पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना पत्र लिहिले.

पत्र लांबलचक आहे आणि बव्हंशी ते समुद्रप्रवासाविषयी आहे. पाच जहाजांचा तो ताफा तुताऱ्या व तोफांच्या गजरात निघाला. जहाजावर बायका होत्या, मुलेही होती. विषुववृत्ताजवळ वारा पडला की जहाजे उकाड्यात कशी अडकून पडत, उडणारे मासे कसे दिसत, खलाशी होकायंत्राच्या सुईवरून आपला ठावठिकाणा कसा ताडीत, जमीन जवळ आल्याची पहिली खूण पाखरे कशी देत, हे सारे त्यांनी बारकाईने नोंदविले आहे. दीर्घ प्रवासात ताजे अन्न न मिळाल्यामुळे माणसांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर वर्षांच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असेही ते लिहितात. त्या काळी एका मिशनरीचा भारतप्रवास म्हणजे काय होता, हे ह्या एका वाक्यावरून कळावे.

पत्राच्या शेवटाकडे एक मजकूर आहे, तो आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. येथील झाडांविषयी आता लिहीत नाही, कारण त्यासाठी एवढेच दुसरे पत्र लिहावे लागेल, असे ते सांगतात. युरोपात पाहिलेले एकही झाड, एक द्राक्षवेल सोडली तर, त्यांना येथे दिसले नव्हते. येथील लोक पाणी पितात, नाहीतर माडाची माडी, एवढे त्यांना सतरा दिवसांत उमगले होते. ज्या देशात सारे आयुष्य घालवावयाचे त्या देशातले एकही झाड ओळखीचे नाही, अशी ही तीस वर्षांच्या तरुणाची अवस्था होती. परगावी पहिल्यांदा राहावयास आलेल्या कोणाही माणसाला ती परकी वाटणार नाही.

भावास

दुसरे पत्र २४ ऑक्टोबर १५८३ चे, म्हणजे गोव्यास उतरल्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवसाचे. ते रिचर्ड ह्या भावास लॅटिन भाषेत लिहिलेले आहे. रिचर्ड त्या वेळी पॅरिसमध्ये होते आणि धर्मशास्त्राचे अध्यापन करीत. एका घरातील दोन मुले श्रद्धेपायी दोन दिशांना गेलेली, आणि त्यांना जोडणारा धागा हा एवढाच.

ह्या चार वर्षांत स्टीफन्स धर्मगुरू झाले होते आणि साष्टीत काम करू लागले होते. येथे एक खुलासा केला पाहिजे. ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट तेही साष्टीच. पण स्टीफन्स ह्यांची साष्टी म्हणजे दक्षिण गोव्यातील मडगाव-राचोल परिसर होय.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी गावी पाच येशूसंघीयांची आणि त्यांच्यासोबतच्या काही ख्रिस्ती लोकांची हत्या झाली. त्या पाचांमध्ये रुडॉल्फ अक्वाविवा हे होते. नुकतेच ते अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. ह्या घटनेचे दुःख भावाला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि मृतदेह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स ह्यांचा सहभाग होता. १८९३ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ह्या पाचांना धन्यवादित घोषित केले. हा इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने त्या परिसरातील देवालये पाडली होती आणि गावकऱ्यांच्या मनात त्याचा संताप होता. हत्येनंतर सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून बोलाविले आणि ठार केले. श्रद्धेसाठी देह ठेवणाऱ्यांचा आदर करताना सत्तेच्या ह्या कृत्यांचे समर्थन करण्याचे आपणांस कारण नाही.

अशा रक्तलांछित वर्षातल्या पत्रात हा धर्मगुरू आणखी एका विषयावर लिहितो, आणि तो विषय म्हणजे येथील लोकांच्या भाषा. ह्या भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो, त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी नाते सांगणारी आहे, त्यांची वाक्यरचना विलक्षण आहे, अशा आशयाचे ते लिहितात. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्याविषयीचे सर विल्यम जोन्स ह्यांचे विख्यात व्याख्यान १७८६ सालचे आहे. ते नाते एका तरुण धर्मगुरूच्या लक्षात त्याआधी दोनशे वर्षे आले होते. परंतु हे पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नाही आणि त्यातील शोध जगाला कळला नाही.

सत्तेचे लोक ज्यांच्याकडे केवळ प्रजा म्हणून पाहत होते, त्यांचे बोलणे स्टीफन्स कान देऊन ऐकत होते. भाऊ धर्मशास्त्राचा पंडित. त्याला आपल्या लोकांची भाषा ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला बसणारी आहे हे सांगताना त्यांना अभिमान वाटला असावा, असे आम्हांस वाटते.

ह्या पत्रानंतर थोड्याच आठवड्यांनी त्यांच्या जीवनातील आणखी एक प्रसंग इतरांच्या लेखनातून कळतो. रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज प्रवासी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले. ज्या इंग्लंडमधून स्टीफन्स ह्यांना परागंदा व्हावे लागले, ज्या राजवटीने त्यांच्या मित्राला कोंडून ठेवले, त्याच इंग्लंडची ही माणसे. स्टीफन्स त्यांच्या मदतीला धावले. त्यांची जामिनावर सुटका झाली त्यात त्यांचा हात होता, आणि त्या प्रवाशांनी ही कृतज्ञता नोंदवून ठेवली आहे. शत्रूवर प्रीती करा हे प्रवचनात सांगणे सोपे असते. येथे ते त्या धर्मगुरूच्या दैनंदिन कामाचा भाग झालेले दिसते.

फादर जनरलांस

तिसरे पत्र ५ डिसेंबर १६०८ चे आहे. ते रोममध्ये येशूसंघाचे फादर जनरल क्लाउदिओ अक्वाविवा ह्यांना लिहिले आहे. कुंकळ्ळीत मरण पावलेल्या रुडॉल्फ ह्यांचे ते काका. स्टीफन्स आता साठीच्या घरात होते आणि त्यांना साष्टीत पाव शतक होऊन गेले होते. त्यांची मागणी एकच होती. ह्या देशाच्या भाषेत आणि ह्या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत.

ते लिहितात की, मलबारकडे तेथील लिपीत पुस्तके छापली गेली आणि तेथील श्रद्धावंतांना त्याचा मोठा लाभ झाला. (तमिळ लिपीत धर्मशिक्षणाचे पुस्तक कोल्लम येथे १५७८ सालीच छापले गेले होते.) मग येथे का नाही? अडचणी दोन आहेत. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, पण येथील लिपीत स्वर-व्यंजनांच्या जोडण्यांमुळे सहाशे साचे करावे लागतील, असे मानले जात होते. दुसरी अडचण म्हणजे वरिष्ठांच्या आज्ञेशिवाय व साहाय्याशिवाय हे काम होणे नाही. स्टीफन्स नुसती तक्रार करून थांबत नाहीत. साच्यांची संख्या दोनशेच्या आसपास आणता येईल, असे ते सुचवितात. म्हणजे ह्या माणसाने किती रात्री देवनागरीची एकेक जोडणी मोजण्यात घालविल्या असतील, ह्याची कल्पना करावी.

ती मागणी फळाला आली नाही. त्यांचे पुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापली जाण्यास १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही दूर बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरी ह्यांच्या छापखान्यात.

पुराण आणि त्याचे नशीब

पंच्याण्णव अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण कसे निर्माण झाले, ह्याचा मागमूस त्याच्याच प्रारंभी सापडतो. साष्टीत देवळात धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? माणसाला नुसते नियम पुरत नाहीत, त्याला कथा लागते आणि ती आपल्या भाषेत लागते, ही गोष्ट त्या ब्राह्मणाने सांगितली व स्टीफन्स ह्यांनी मान्य केली.

वडिलांना लिहिलेल्या पत्राची आठवण येथे पुन्हा होते. ज्याला येथले एकही झाड ओळखता येत नव्हते, त्याच माणसाला मराठीची थोरवी सांगताना मोगरा आठवतो, मोर आठवतो, कल्पतरू आठवतो. वडिलांना झाडांविषयीचे ते दुसरे पत्र त्यांनी कधी लिहिले की नाही, कोण जाणे. पुराणाच्या पानांत मात्र ते उतरले आहे.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. त्यांचे व्याकरण १६४० साली छापले गेले. पुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्यानंतर काळ बदलला. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेवर एका परदेशी माणसाने चाळीस वर्षे प्रेम केले, ती सोडण्यास तिच्या लेकरांना तीन वर्षांची मुदत दिली गेली.

त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. पुराण वाचले ते हस्तलिखितांमुळे, म्हणजे सामान्य श्रद्धावंतांनी घराघरांतून नकलून ठेवलेल्या वह्यांमुळे. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा प्रकाशित केले. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मिशनऱ्यांना लंडनमधील एका ग्रंथसंग्रहात पुराणाची देवनागरी प्रत आढळली. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली. ज्या लिपीसाठी स्टीफन्स ह्यांनी रोमला विनंती केली, त्या लिपीत त्यांचे पुराण छापलेले पाहावयास ३४८ वर्षे जावी लागली.

हे सर्व आम्ही सांगत आहोत त्यामागे एक हेतू आहे. वडिलांना लिहिलेले पत्र वाचले, कारण रिचर्ड हॅक्लूट नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने ते आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथात घेतले. पुराण वाचले, कारण कुण्या अज्ञात कुटुंबांनी ते नकलून पेटीत ठेवले. त्यांत कुणी पंडित असेल, कुणी देवळातला मेस्त्री असेल. त्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. छापखाना आणि राजसत्ता ह्यांना जे साधले नाही, ते घरांना साधले.

आपल्या घरांतही अशा पेट्या आहेत. कुठे आजीने हाताने उतरविलेल्या गायनांची वही आहे, कुठे गावच्या देवळातील सणाची हकीकत सांगणारे पत्र, कुठे बाप्तिस्म्याचा पिवळा पडलेला दाखला. आपली मुले इंग्रजी शाळांत शिकतात आणि ते योग्यच आहे. पण आजोबांचे मराठी पत्र त्यांना वाचता येईनासे झाले तर त्या पेटीला किल्ली असून नसल्यासारखी होईल. येत्या आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी ती पेटी उघडावी, वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक कागदाची हकीकत विचारावी, मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहावे, आणि मुलांकडून एक तरी पत्र मोठ्याने वाचून घ्यावे. अक्षर लावताना ती अडखळतील. थॉमस स्टीफन्सही तीस वर्षांचे असताना ह्याच अक्षरांपाशी अडखळले होते.