लश्करातलं सरोद घर

पुण्यात ‘लष्कर’ म्हटलं की कॅम्प. ग्वाल्हेरमध्ये ‘लश्कर’ म्हणजे अर्धं शहर, आणि ते वसवलं मराठी फौजेनं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजार आला, दरबार आला. इंग्रजांची छावणी मुरारला झाली. ग्वाल्हेरच्या पोस्टिंगवर आलेले आपले बहुतेक लोक किल्ला पाहतात, तानसेनाच्या कबरीपाशी जातात, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला सॅल्यूट करतात. लश्करच्या जिवाजी गंजमधलं ‘सरोद घर’ मात्र राहून जातं.

उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याचं हे वडिलोपार्जित घर. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांचा जन्म १९४५ चा, ग्वाल्हेरचाच. घराचं आता संग्रहालय झालं आहे. जुनी वाद्यं, छायाचित्रं, कागदपत्रं. वाद्यं इतरही आहेत, पण घर सरोदचं.

आपल्याला रस वाटावा अशी गोष्ट अशी, की सरोदचा पूर्वज शिपाईगड्यांच्या सोबतीनं हिंदुस्थानात आला. तो अफगाण रबाब. लाकूड कोरून केलेला, तोंडावर कातडं, आतड्याच्या तारा. अठराव्या शतकात पठाण घोडे विकायला आणि फौजांत चाकरी करायला इकडे येत. बंगश घराण्याचे पूर्वजही घोड्यांच्या व्यापारातून आले, असं घराणं सांगतं. पुढे त्यांच्यातले गुलाम अली खाँ ग्वाल्हेर दरबारी आले. त्यांचे पुत्र नन्हे खाँ, त्यांचे हाफिज अली.

रबाबाचा आवाज खणखणीत, पण तुटक. आपल्या रागसंगीताला मींड हवी, स्वर लांबायला हवा. म्हणून लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा बसला, आतड्याच्या जागी धातूच्या तारा आल्या, पडदे गेले. बोट पत्र्यावरून घसरलं की एका स्वरातून दुसरा निघतो. या घराण्यात तार बोटाच्या पेरानं नव्हे, नखाच्या कडेनं दाबतात. त्यामुळे स्वर अधिक स्वच्छ येतो. उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा.

हा बदल कुणी केला? ग्वाल्हेरचं उत्तर आहे, गुलाम अली खाँ. पण लखनौकडच्या परंपरेत हे श्रेय नियामतुल्ला खाँ यांना देतात. नवाब वाजिद अली शाह यांच्या मटियाबुर्जच्या दरबारात ते होते. दोन्ही बाजूंना वंशज आहेत, शिष्य आहेत, अभिमान आहे. लष्करी माणसाला हे नवं नाही. एकाच टेकडीवरच्या हल्ल्याची दोन युनिट्सची वॉर डायरी वाचा, दोघंही आधी माथ्यावर पोचलेले असतात. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकानं आपली बाजू पाहिलेली असते. सरोद घरही असंच एका बाजूनं पाहावं, आदरानं आणि दुसरी डायरी आहे हे लक्षात ठेवून. माझं मत विचाराल, तर असं वाद्य एका माणसाच्या हातून एका दिवसात घडत नाही. दरबार वेगळे, पण अडचण सगळ्यांची एकच होती.

बदल तिथंही थांबला नाही. मैहरला अल्लाउद्दीन खाँ आणि त्यांचे बंधू आयत अली खाँ यांनी सरोदची बांधणी आणि तारांची मांडणी आणखी बदलली. याच अल्लाउद्दीन खाँनी मैहर बँडसाठी बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ केलं. हत्याराचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

मराठी माणसाचं ग्वाल्हेरशी नातं तलवारीपुरतं नाही. इथली ख्यालगायकी शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुसकरांकडे गेली. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं इथं माधव संगीत महाविद्यालय निघालं. तळ टाकणाऱ्या शिंद्यांच्या पदरी पठाण रबाबियाचा वंशज राहिला आणि त्याच्या घरात आज सरोद जपला आहे. फौजेच्या मुक्कामातून राज्यं येतात नि जातात. ग्वाल्हेरात त्यातून मागं राहिलं ते संगीत. पोस्टिंग ग्वाल्हेरची निघाली, तर एक सकाळ लश्करसाठी राखून ठेवा.