घोड्याच्या पायाखालची भूमि

अश्वविद्येविषयीं लिहिणारे लोक घोड्याचा वंश, लगामाचे प्रकार आणि स्वारांचे पराक्रम यांवर भरभरून लिहितात. घोडा ज्या जमिनीवर शिकतो, तिच्याकडे मात्र त्यांचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक कठीण जमिनीवर रोज दौड केली तर खुरांना आणि सांध्यांना हादरे बसतात; खोल वाळूंत केली तर पायांतील कंडरा ताणल्या जाऊन घोडा लंगडा होतो; आणि निसरड्या चिखलांत घोड्याबरोबर स्वाराचेंही नशीब पणास लागतें. म्हणून जेथें जेथें ही विद्या रुजली, तेथें तेथें लोकांना आपल्या मातीशीं आणि आपल्या आकाशाशीं कांहीं तरी तडजोड करावीच लागली. ही तडजोड प्रत्येकानें निराळ्या रीतीनें केली.

झेनोफन या ग्रीक सेनानीनें इसवी सनापूर्वीं चवथ्या शतकांत अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्या काळीं ग्रीसमध्यें घोड्यांना नाल ठोकण्याची चाल नव्हती. सारी भिस्त खुराच्या टणकपणावर. ओलसर व गुळगुळीत जमिनीनें चांगला खूरही बिघडतो, हें त्यानें हेरलें होतें. त्यावर त्याचा उपाय असा कीं, तबेल्याबाहेर मुठीएवढे वाटोळे दगड चार-पांच गाड्या आणून सुटे पसरावे, ते विखुरूं नयेत म्हणून भोंवतीं लोखंडी कड घालावी, आणि खराऱ्याच्या वेळीं घोडा त्यांवर उभा करावा. खडकाळ वाटांनींच ज्याला रणांत जावयाचें, त्याला अंगणांतच खडकाची संवय! ग्रीसच्या कोरड्या, दगडाळ भूमीला ही युक्ति शोभून दिसते. रोमन लोकांनी वाळू पसंत केली. आज सर्वत्र रूढ झालेला ‘अरीना’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थच वाळू असा आहे.

उत्तरेकडे प्रश्न मातीपेक्षां आकाशाचा होता. व्हिएन्ना येथील राजवाड्यालगत उघडें अश्वमैदान होतें. परंतु पाऊस आणि हिम यांमुळें वर्षांतील पुष्कळ दिवस तें निरुपयोगी होई. म्हणून १५७२ च्या सुमारास तेथें लांकडी छपराची शाळा झाली, आणि पुढें १७२९ ते १७३५ या काळांत बादशहा सहावा चार्ल्स यानें योझेफ इमॅन्युएल फिशर फोन एर्लाख या स्थापत्यविशारदाकडून आजची भव्य इमारत बांधविली. सुमारें ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि १७ मीटर उंच असें हें दालन. सभोंवार ४६ खांब आणि वर झुंबरें. प्रथम पाहणाऱ्यास हें नृत्यगृह वाटावें. पण इमारतीचें नांव ‘हिवाळी अश्वशिक्षणशाळा’ असें आहे, आणि त्या नांवांतच तिच्या जन्माचें कारण आलें. मौज अशी कीं, येथें शिकणाऱ्या शुभ्र घोड्यांचें मूळ पैदासस्थान, १५८० मध्यें स्थापन झालेलें लिपित्सा हें गांव, चुनखडीच्या रुक्ष, दगडाळ पठारावर आहे. तेथें टणक झालेले पाय छपराखालीं नाजुक पवित्रे शिकले.

आपल्या दख्खनला छपराचा मार्ग सुचला नाहीं, आणि त्याबद्दल खेद करण्याचें कारण मला दिसत नाहीं. बेसाल्टाच्या झिजेंतून झालेली आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात. एका ऋतूंत घोडा तींत रुततो, दुसऱ्यांत त्याचा पाय मुरगळतो. मराठ्यांनीं मैदान बदललें नाहीं, ऋतु बदलला. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस परत यावें, तेथें दाणा-वैरण, औषधें आणि शाकारलेलीं घरें तयार असावीं, आणि दसऱ्यास पुन्हा कूच करावें, ही शिवकालीन व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत नोंदली आहे. चिपळूणजवळच्या छावणीस शिवाजी महाराजांनीं लिहिलेलें पत्र तर प्रसिद्धच आहे. वैरण आतांच उधळाल तर पुढें पावसाळ्यांत घोडीं मरतील आणि तें पाप तुमच्या माथीं बसेल, असा त्यांतील इशारा वाचतांना आजही अंगावर कांटा येतो. विश्रांतीचे हे चार महिने म्हणजेच दख्खनचें छप्पर होतें.

इंग्रजांनीं येथें शर्यती आणल्या, पण या नियमांतून त्यांचीही सुटका झाली नाहीं. महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालीं दलदलीच्या सखल जागेवर सुरू झालें. मुंबईंत वर्षाला ८० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळ जवळ सगळा चार महिन्यांत. पुण्यास ३० इंचांहून कमी. तेव्हां शर्यतींचा हंगाम हिंवाळ्यांत मुंबईस आणि पावसाळ्यांत पुण्याच्या १८३० मधील जुन्या मैदानावर, अशी वांटणी पडली. घोडे घाट चढून वर येतात, आणि पाऊस सरला कीं उतरतात. छावणीचाच हा धनिक अवतार.

आतां हौशी अश्वारोहणाच्या शाळा निघत आहेत, आणि परदेशीं पुस्तकांत पाहून थेट काळ्या मातीवर वाळू ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो. पहिल्या पावसांतच वाळू खालीं आणि चिखल वर! घर बांधणारा गंवडी जें करतो, तेंच येथें केलें पाहिजे: काळी माती मुरुमापर्यंत उकरून काढावी, दगड-मुरुमाचा थर ठोकून त्याला पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा, कडेनें चर खणावे, आणि मग वर वाळूचा बेताचा थर घालावा. वाळूही खरबरीत, कोनदार दाण्याची हवी. नदींत घासून गुळगुळीत झालेले दाणे पायाखालून सरकतात. खर्च खालच्या थरांत होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणूनच तो टाळला जातो.

मात्र ऐन आषाढांत घोडा धांवण्याची एक चाल आपल्याकडे आहेच, ती वारीच्या रिंगणाची. आळंदीहून निघालेल्या पालखीचीं रिंगणें सह्याद्रीच्या पावसाआड असलेल्या पूर्वेकडील प्रदेशांत होतात. पुणें आणि घाटमाथा मागें पडून नीरा ओलांडली, म्हणजे आकाश विरळ होतें आणि जमीन धरूं लागते. चांदोबाच्या लिंबापाशीं उभें रिंगण, पुढें माळशिरसच्या बाजूस आणि वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशीं गोल रिंगण. एका घोड्यावर जरीपटक्याचा स्वार, आणि दुसरा, माउलींचा, रिकाम्या पाठीचा. मैदान बांधलेलें नसतें; वारकरी भोंवतीं कडें करून उभे राहतात, तीच त्याची भिंत. दौड संपली कीं लोक धांवत आंत शिरतात, आणि माउलींच्या घोड्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.