बुंद, जायफळ आणि रात्रपाळीचा थर्मास

आजीच्या वहीत 'बुंद अर्धा शेर' असं लिहिलेलं होतं आणि ते मी कित्येक वर्षं 'बुंदी' असंच वाचत आलो. वही रायपूरच्या वाड्यातली. कुणाच्या तरी मुंजीची किराणा यादी. हिशोब शेर-छटाकांत, म्हणजे दशमान वजनं रुळण्याआधीचा. बुंदीचे लाडू असतील म्हणून मी पान उलटत असे. एकदा मात्र समासातली बारीक अक्षरं वाचली: 'भाजून कुटणे'. बुंदी कोण भाजून कुटतं?

कोश उघडला. बुंद म्हणजे कॉफीचं बी. गुजरातीत हा शब्द अजून ओळखीचा आहे, बुंददाणा म्हणतात. जॉर्ज वॅटने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानातल्या उपयुक्त वस्तूंचा जो अवाढव्य कोश केला, त्यातही मुंबई इलाख्याच्या नावांत 'बुंद' आहे. आमच्या घरात मात्र हा शब्द मेला, आणि मेल्याचं कुणाला कळलंही नाही.

माझ्या डोक्यात अडकली ती वेगळीच गोष्ट. यादीत बुंद चहाशेजारी नव्हती. ती होती खसखस आणि जायफळ यांच्या मधोमध. पुढची सगळी कुळकथा मी या एका जागेवरून रचली आहे, तेव्हा वाचकाने ती जागा लक्षात ठेवावी.

आधी शब्दाचं बघू. 'कॉफी'चा प्रवास सर्वांना ठाऊक आहे: अरबी कहवा, तुर्की काहवे, इटालियन काफे, डच कोफी, इंग्रजी कॉफी. खरं भांडण त्याच्या आधी आहे. कहवा कुठून आला? एक पक्ष म्हणतो, इथिओपियाच्या काफा प्रांतावरून. झाड तिथलंच, नाव जुळतं, प्रश्न मिटला. दुसरा पक्ष म्हणतो, कहवा हा जुना अरबी शब्द, आधी मद्याला वापरला जाई, त्याच्या धातूत इच्छा किंवा भूक मंदावण्याचा अर्थ आहे. मी दुसऱ्या पक्षात, आणि माझं कारण साधं आहे. काफातली माणसं कॉफीला काफा म्हणतच नाहीत, बुनो म्हणतात. अम्हारीत बुन्ना, ओरोमोत बुना. ज्या गावावरून नाव पडलं म्हणता त्या गावालाच ते नाव माहीत नाही, ही कसली व्युत्पत्ती? पैठणात पैठणीला पैठणीच म्हणतात की.

अरबांनी पेयाला स्वतःचा कहवा हा शब्द दिला, पण बी आलं ते आफ्रिकेतलं नाव घेऊन: बुन्न. म्हणजे अरबीत दोन खाती झाली. बी ते बुन्न, प्यायचं ते कहवा. आणि आपल्याकडे? बी ते बुंद, प्यायची ती काफी. खाती जशीच्या तशी उतरली. एवढी नेमकी विभागणी योगायोगाने उतरत नाही. माल आणि त्याचं नाव एकाच गलबतातून उतरलं असलं पाहिजे.

इथे एक मित्र आडवा येतो. त्याचं म्हणणं, बुंद म्हणजे थेंब, कॉफीचं बी थेंबासारखं दिसतं, अरबस्तानात जायची गरजच काय? मी त्याला बी दाखवलं. एका बाजूला सपाट, मधे चीर. याला थेंब म्हणणाऱ्याने गव्हालाही थेंब म्हणावं. मित्राचा दुसरा हल्ला जास्त जड आहे: बुन्नमध्ये 'द' नाही, तो कुठून आला? मी वानराकडे बोट दाखवतो. वानराचा वांदर झाला, तिथेही 'द' कुणी बोलावला नव्हता. तिथे पुढे 'र' होता आणि इथे नाही, हे कबूल. पण शेवटी आलेला 'न्न' आपल्या जिभेला पेलत नाही. ती एक न तरी टाकते किंवा दुसऱ्याचा द करते. त्यातून बुंदका, बुंदी हे ओळखीचे शब्द जवळच उभे, त्यांनी हात दिला. माझं समाधान झालं आहे. मित्राचं नाही. त्याला तर गनिमी काव्यातही कहवा दिसतो! तो कावा घोड्याला गोल फिरवण्याचा, त्यात कॉफीचा थेंबही नाही.

तर बुंद इंग्रजांच्या आधीची. याला शब्दाबाहेरचा पुरावाही आहे. इंग्रज वकील टॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ साली सुरतेला उतरला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले धर्म काटेकोर पाळणारे कित्येक लोक दारूला शिवत नाहीत, काळं बी पाण्यात उकळून पितात, आणि ते पेय रुचकर असण्यापेक्षा गुणकारीच जास्त. बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्याची आख्यायिकाही त्याच शतकातली, ती सर्वांना पाठ आहे. पण झाड इथे रुजण्याआधी भाजलेलं-न भाजलेलं बी पश्चिम किनाऱ्यावर विकलं जात होतं आणि ते किराणा मालात मोडत होतं, हे आपण विसरतो.

आता घरी येतो. आमचं घर बोरसीला. दुर्ग कुठे संपतं आणि भिलाई कुठे सुरू होते हे जिथे कुणाला नीट सांगता येत नाही, तिथे. भोजपुरीत बोरसी म्हणजे निखाऱ्यांचं मातीचं भांडं, छत्तीसगढीत त्यालाच गोरसी म्हणतात. पोलाद कारखान्यासाठी बिहारकडून आलेल्या शेजाऱ्यांना आमचा पत्ता ऐकून हसू यायचं. गावाचं नाव मात्र बोरीच्या झाडांवरून पडलं असावं, असं माझं मत. इथे बोराला बोइर म्हणतात आणि गाव कारखान्याहून जुनं आहे. पण आजी थंडीत खरोखरच गोरसीवर दुधाचं पातेलं ठेवायची, त्यामुळे दोन्ही व्युत्पत्त्या आमच्या अंगणात गुण्यागोविंदाने नांदल्या.

आमच्यासारखी मराठी घरं या भागात दोन लाटांत आली. पहिली नागपूरकर भोसल्यांच्या मागून: १७४१ ला भास्करपंतांची रतनपूरवर स्वारी झाली, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल. दुसरी पोलादाच्या मागून: भिलाई कारखान्याचा १९५५ चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी पेटली. आजी पहिल्या लाटेची, बाबांची नोकरी दुसऱ्या लाटेची.

बाबा कोक ओव्हनला होते. रात्रपाळी दहाची. नऊ वाजता आई दोन कॉफ्या करायची. एक घरातल्यांची: दूध जास्त, पाणी बेताचं, साखर सढळ, कॉफी टाकून दोन मिनिटं झाकण, आणि गाळल्यावर सहाणेवर चार वळसे उगाळलेलं जायफळ. दुसरी बाबांच्या थर्मासची, तिच्यात जायफळ नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भट्टीपाशी पेंगले म्हणजे?" जायफळाने झोप येते, हे गुटी उगाळणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मग जागवणाऱ्या कॉफीत झोपवणारं जायफळ घालायचं कशाला? जगात हा उफराटा प्रकार दुसरीकडे क्वचितच सापडेल. तमिळ फिल्टर कॉफीत जायफळ नाही, चिकमगळुरात नाही, हैदराबादेत नाही. मराठी घरात मात्र ते नसलं तर पाहुणा विचारतो.

याच्या तीन उपपत्त्या मी ऐकल्या आहेत. पहिली, चिकरीची चव झाकायला. चिकरी भेसळ म्हणून बदनाम असली तरी कायद्याने मिश्रणात निम्म्याला जेमतेम कमी, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि दाक्षिणात्य ती मिरवून पितात. झाकायचीच असती तर आधी त्यांनी झाकली असती. दुसरी, अरबांकडून आलं. ही मला आवडली असती, कारण बुंद त्यांचीच. पण आखाती कहव्यात वेलची असते, केशर असतं, दूध आणि साखर नसते, आणि त्यांची नक्कल केली असती तर आपण वेलचीवर थांबलो असतो. तिसरी, कोकणात जायफळ पिकतं म्हणून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती दिल्या आहेत हे खरं, पण विदर्भात आणि आमच्या छत्तीसगढात, जिच्यात जायफळ लावतात ती नारळ-सुपारीची बाग कुठे आहे? जायफळाची कॉफी तर इथेही आहे.

माझं म्हणणं यादीतल्या त्या जागेवर उभं आहे. बुंद खसखस आणि जायफळ यांच्या मधे होती, कारण ती मसाल्याच्या डब्यातून घरात आली. कच्ची आणायची, घरीच भाजायची, कुटायची. हे सगळे मसाल्याचे सोपस्कार. चहा तसा आला नाही. तो विसाव्या शतकात पुडक्यांतून आला, जाहिरातवाल्यांनी कसा करायचा ते शिकवत आणला. मराठी स्वयंपाकघराने नव्या वस्तूला काय केलं? जुन्या कुठल्या तरी कप्प्यात ठेवलं. चहा पाण्यात उकळतो, तेव्हा तो काढ्याच्या कप्प्यात गेला आणि त्याला काढ्याचे सोबती मिळाले: आलं, गवती चहा, तुळस. बुंद दुधात शिजली, तिला साखर लागली, म्हणून ती गोडाच्या कप्प्यात गेली, आणि आपल्याकडे गोडात जायफळ आपोआप पडतं. पुरणात पडतं, श्रीखंडात पडतं, कोजागरीच्या दुधात पडतं. कॉफी म्हणजे आपल्या लेखी मसाला दुधाची सावळी धाकटी बहीण.

रोजच्या व्यवहारात तिची जागा पाहिली की हे पटतं. चहा दिवसातून चारदा, कुणालाही, विचारल्याशिवाय. कॉफी पाहुण्याला, बाळंतिणीला भेटायला आलेल्यांना, तापातून उठलेल्याला, उपासाला, परीक्षेच्या रात्री, मंगळागौरीच्या जागरणाला. "चहा घेणार की कॉफी करू?" या वाक्यातली दोन क्रियापदं बघा. चहा घ्यायचा असतो, कॉफी 'करायची' असते, जसा शिरा करतात.

पडताळा शेजारच्या क्वार्टरमध्येच मिळाला. शेजारी केरळचे. पावसाळ्यात त्यांच्याकडे चुक्कु काप्पी व्हायची: सुंठ, मिरी, गूळ, तुळस आणि नावापुरती कॉफी, कधी तीही नाही. तेच बी तिथे काढ्याच्या कप्प्यात गेलं आणि त्याला सुंठ भेटली. विरोधी साक्षही सांगतो. कोकणात धणे-जिरे भाजून उकळतात आणि त्यालाही कॉफी म्हणतात, तो सरळ काढा आहे. मी म्हणेन, भाजणे आणि कुटणे या कृतीलाच तिथे कॉफी हे नाव चिकटलं. मित्र म्हणतो ही पळवाट आहे. असेल.

भिलाईत तिसरी कॉफीही होती, कॉफी हाउसची. तिची कुळकथा ठरलेली आहे: १९३६ ला मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस, पन्नाशीच्या दशकात सरकारी कॉफी मंडळाने ही कॉफी हाउसं बंद करायला घेतली, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सहकारी संस्था काढायला लावल्या, १९ ऑगस्ट १९५७ ला बेंगळुरूची पहिली. आमच्याकडची जबलपूरच्या संस्थेची. तुरेवाला फेटा, जाड कप, डोसा. तिथे आजीला एकदाच नेलं. तिने एक घोट घेतला आणि पदराच्या गाठीतून जायफळ काढून वेटरकडे सहाण मागितली. त्याने बशी आणून दिली. बशीच्या तळाच्या खरखरीत कडेवर तिने ते उगाळलं. त्या मल्याळी माणसाने वाकून वास घेतला, म्हणाला, "पायसम?" तेव्हा सगळे हसले. गोडाचा कप्पा त्याने एका शब्दात ओळखला होता, हे मला ती वही वाचल्यावर कळलं.

उफराट्या प्रकाराचं उत्तर राहिलं. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रभर जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, करता यावा म्हणून कॉफी पीत. १५११ ला मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली ती अशा जमणाऱ्या घोळक्यांच्या धास्तीने. म्हणजे जागरासाठीच तिची ख्याती झाली. आपल्याकडेही ती कोजागरी, हरतालिका, मंगळागौर अशा जागरांनाच जाऊन बसली. जागरणाच्या वाटीत आधीपासून दूध-जायफळ होतं, त्यात ही पडली, आणि कुणाला जायफळ काढून टाकावंसं वाटलं नाही. फक्त ज्या घरात खरोखर जागं राहण्याचा पगार मिळत होता, त्या घरातल्या बाईने ते वगळलं.

आता छत्तीसगढातही कॉफी पिकते. बस्तरमध्ये दरभ्याला २०१७ पासून लागवड सुरू झाली, आणि बस्तर कॉफी म्हणून ती विकायला येते. मी कच्चं बी मागवलं, आजीच्या वहीप्रमाणे लोखंडी कढईत भाजलं, खलबत्त्यात कुटलं. धूर इतका झाला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. कॉफी बरी झाली.

वाचकांना एक विनंती. घरात शेर-छटाकांतली जुनी किराणा यादी असेल तर काढून पाहा, बुंद आहे का, आणि असली तर कुणाच्या शेजारी आहे. चहाशेजारी निघाली तर माझी उपपत्ती पडली, तेही कळवा. आणि जायफळ उकळताना घालता की उतरवल्यावर, एवढं सोबत लिहा. आमच्याकडे उतरवल्यावर.